कॅल्शियमचा निरोप कोणी आणत नाही

पेशीत कॅल्शियम काय करतं, हे शिकवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. बाहेरून हॉर्मोन येतं किंवा विजेचा दाब बदलतो, पेशीच्या आवरणातलं चॅनेल उघडतं, कॅल्शियम आत शिरतं. आत मोकळं फिरणारं कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन त्याला पकडतं, स्वतःचा आकार बदलतं, मग दूरवरच्या एखाद्या एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि त्याला कामाला लावतं. एक बाण, एक गोल, पुन्हा एक बाण. कॅल्शियम हा निरोप आणि कॅल्मोड्युलिन हा निरोप्या. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी ही आकृती काढून पास झाले आहेत.

आयन चॅनेलांच्या बाबतीत हे चित्र चुकीचं आहे. किरकोळ तपशिलात नव्हे, अगदी मुळात चुकीचं आहे. ते डोक्यात घट्ट बसल्यामुळे हृदयविकाराचा एक जीवघेणा प्रकार बरीच वर्षं अशक्य कोटीतला वाटत राहिला, आणि त्याच विकाराशी जोडलेला एक प्रश्न पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका खून खटल्याच्या केंद्रस्थानी आला. म्हणून हा विषय प्रयोगशाळेपुरता ठेवू नये असं मला वाटतं.

आधी कॅल्शियमच का, ते पाहू. 1882-83 मध्ये लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवत होता. आधीचं द्रावण शहरातल्या नळाच्या पाण्याने बनलं होतं, हे त्याला उशिरा समजलं. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदय मंदावून थांबलं. नळाच्या पाण्यातलं चिमूटभर कॅल्शियम ते चालवत होतं. रिंगरने आपला आधीचा निष्कर्ष स्वतःच 1883 च्या निबंधात दुरुस्त केला. पुढे 1947 मध्ये हाइलब्रुन आणि वियरचिन्स्की यांनी स्नायूच्या तंतूत एकेक क्षार टोचून पाहिला. शरीरात नेहमी सापडणाऱ्या क्षारांपैकी तंतू आखडला तो कॅल्शियमने.

यामागचं कारण रसायनाचं आहे आणि फार जुनं आहे. पेशी आपला सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालवते, आणि कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आले की दगड होतो. आपली हाडं म्हणजे तोच दगड. त्यामुळे जिवंत राहायचं तर कॅल्शियम बाहेर फेकत राहणं पेशीला भाग आहे. रक्तद्रवात मोकळं कॅल्शियम लिटरमागे एक मिलिमोलच्या थोडं वर असतं. निवांत पेशीच्या आत ते 100 नॅनोमोलच्या आसपास, म्हणजे दहा हजार पटींहूनही अधिक कमी. पंप अहोरात्र चालवून हा उतार टिकवला जातो. आणि इतका तीव्र उतार असला की मूठभर आयन आत आले तरी आतल्या परिस्थितीत मोठा फरक पडतो. सोडियम किंवा पोटॅशियममध्ये ही सोय नाही. ते दोन्ही बाजूंना भरपूर असतात.

पण फरक पडणं वेगळं आणि तो फरक कोणीतरी ओळखणं वेगळं. पेशीच्या आत मॅग्नेशियमही आहे, तितक्याच विद्युतभाराचं, आणि निवांत पेशीतल्या कॅल्शियमच्या हजारो पटींनी जास्त. त्या गर्दीत कॅल्शियम कसं ओळखायचं? याचं उत्तर 1973 मध्ये रॉबर्ट क्रेट्सिंगर यांना कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनात दिसलं. दोन मळसूत्री तुकडे आणि त्यांच्यामध्ये बारा अमिनो आम्लांचा एक वेढा. त्या तुकड्यांना E आणि F ही अक्षरं होती. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ताणून धरावा तशी त्यांची मांडणी दिसते, म्हणून या रचनेला ‘ईएफ हँड’ म्हणतात. वेढ्यातले ऑक्सिजनचे सात हात कॅल्शियमला चारी बाजूंनी धरतात. मॅग्नेशियम आकाराने लहान असतं, त्याला सहाच हात हवे असतात आणि आपल्याभोवतीचं पाणी ते सहजी सोडत नाही. वेढ्यातलं बारावं अमिनो आम्ल, ग्लुटामेट, सातपैकी दोन हात पुरवतं. कॅल्शियम बसलं की हे ग्लुटामेट त्याच्याकडे ओढलं जातं, त्याबरोबर मळसूत्र फिरतं आणि प्रथिनाचा आत दडलेला स्निग्ध पृष्ठभाग उघडा पडतो. अमुक आयन आला, याचं रूपांतर आकारात झालं. जाणीव हा शब्द इथे वापरायचा असेल तर एवढ्याच अर्थाने वापरावा, पण त्या अर्थाने तो अगदी खरा आहे.

कॅल्मोड्युलिनमध्ये असे चार वेढे आहेत. दोन एका टोकाच्या गोळ्यात, दोन दुसऱ्या टोकाच्या, आणि मध्ये लवचीक दांडा. एकूण 148 अमिनो आम्लं. दोन गोळ्यांचा स्वभाव वेगळा आहे. सी-टोकाचा गोळा कॅल्शियम घट्ट धरतो आणि सावकाश सोडतो. एन-टोकाचा गोळा सैल धरतो आणि चटकन सोडतो. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

निरोप्याचं चित्र रुजलं, त्याला ऐतिहासिक कारण आहे. 1970 मध्ये अमेरिकेत वाइ यिउ चेउंग आणि जपानमध्ये शिरो काकिउची यांना हे प्रथिन स्वतंत्रपणे सापडलं, ते एका एन्झाइमला चालना देणारा विरघळलेला घटक म्हणून. एन्झाइम शुद्ध करत गेलं की त्याची ताकद कमी होत असे, कारण शुद्धीकरणात हा घटक वेगळा होऊन निघून जात असे. म्हणजे ज्या पद्धतीने शोध लागला, तिच्यात सैल जोडलेलं, येऊन-जाऊन राहणारं कॅल्मोड्युलिनच हाती लागणार होतं. जे आपल्या साथीदाराला कायमचं चिकटलेलं असेल ते त्या पद्धतीत वेगळं दिसलंच नसतं. शिवाय चॅनेलं ही पेशीच्या तेलकट आवरणात रुतलेली प्रथिनं. 1970 च्या दशकात ती शुद्ध स्वरूपात हाताळणं जवळजवळ अशक्य होतं. पहिल्या शोधाने दाखवलेलं रूप हेच प्रथिनाचं एकमेव रूप ठरून बसलं, आणि यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता.

दुसरं रूप दिसलं डबक्यातल्या पॅरामीशियममध्ये. हा एकपेशीय जीव पुढून धडकला की त्याची कॅल्शियम चॅनेलं उघडतात, केसांसारख्या पक्ष्माभिकांची दिशा उलटते आणि तो मागे सरकतो. 1978 मध्ये पॉल ब्रेम आणि रॉजर एकर्ट यांनी त्यात एक गोष्ट मोजली. कॅल्शियम आत आलं की ते ज्या चॅनेलमधून आलं तेच चॅनेल बंद होतं. कॅल्शियमच्या जागी बेरियम ठेवलं तर ते तसं मिटत नाही. म्हणजे चॅनेल विजेचा दाब पाहून मिटत नव्हतं. स्वतःतून गेलेला आयन ते ओळखत होतं.

मग विस्कॉन्सिनमध्ये चिंग कुंग यांच्या गटाने पॅरामीशियमचे विचित्र वागणारे प्रकार गोळा केले. काही प्रमाणाबाहेर मागे पळणारे, काही धडकूनही पुरेसे न बिचकणारे. दोष शोधत गेल्यावर तो चॅनेलात सापडला नाही. तो कॅल्मोड्युलिनमध्ये होता. 1990 मध्ये त्यांनी दाखवलं की फार बिचकणाऱ्यांत कॅल्मोड्युलिनच्या सी-गोळ्यात बिघाड आहे आणि पोटॅशियमचा एक प्रवाह नाहीसा झाला आहे, तर कमी बिचकणाऱ्यांत बिघाड एन-गोळ्यात आहे आणि सोडियमचा प्रवाह नाहीसा झाला आहे. एकाच प्रथिनाची दोन टोकं दोन वेगळ्या चॅनेलांचं काम पाहत होती. पेशीभर फिरून एकच खबर सगळ्यांना देणाऱ्या निरोप्याच्या चित्रात ही गोष्ट कशी बसवायची? मला वाटतं, हा प्रश्न त्या वेळी जितक्या जोरात विचारला जायला हवा होता तितका विचारला गेला नाही. पॅरामीशियम हा वैद्यकाच्या दृष्टीने फारच दूरचा जीव होता.

उत्तर 1998 आणि 1999 मध्ये आलं. मेंदूत एसके नावाची पोटॅशियम चॅनेलं आहेत, ती कॅल्शियम वाढलं की उघडतात. जॉन अॅडेलमन यांच्या गटाला त्या चॅनेलाच्या स्वतःच्या साखळीत कॅल्शियम धरणारा वेढाच सापडेना. सापडलं ते त्याला आधीपासून, कॅल्शियम नसतानाही, चिकटून बसलेलं कॅल्मोड्युलिन. चार घटकांच्या चॅनेलावर चार. पुढच्याच वर्षी हृदय आणि मेंदूतल्या कॅल्शियम चॅनेलांबाबत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड यू यांच्या गटाने आणि इतर दोन गटांनी तसंच काही दाखवलं. हॉपकिन्सचा प्रयोग साधा आणि निर्णायक होता. चारही वेढे निकामी केलेलं, कॅल्शियम धरूच न शकणारं कॅल्मोड्युलिन पेशीत बनवलं. पेशीचं स्वतःचं निरोगी कॅल्मोड्युलिन तिथेच होतं. निरोप्या कॅल्शियम घेऊन बाहेरून येत असता तर हे निकामी प्रथिन कोणाच्याच वाटेत आलं नसतं, कारण कॅल्शियमशिवाय ते कुठे जाणारच नव्हतं. प्रत्यक्षात चॅनेलांचं मिटणं बंद पडलं. निकामी प्रथिनाने जागा अडवली होती. म्हणजे ती जागा कॅल्शियम येण्याच्या आधीच भरलेली असते.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल व्हॉल्व्ह असतो. पाणी भरलं ही बातमी कोणी घेऊन जात नाही. पाण्यावर तरंगणारा गोळा नळाच्याच दांडीला बसवलेला असतो, पाणी चढतं तसा तोच नळ मिटतो. कॅल्मोड्युलिन चॅनेलला असंच जोडलेलं आहे. ते चॅनेलचा भाग आहे, फक्त त्याचं जनुक वेगळं आहे.

यानंतरच्या दशकात जे उघड झालं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. चॅनेलच्या तोंडाशी, काही नॅनोमीटर अंतरात, ते उघडं असताना कॅल्शियम क्षणभर प्रचंड वाढतं आणि मिटताच ओसरतं. पेशीत इतरत्र ते हळूहळू आणि थोडंच वाढतं. संशोधकांनी पेशीत कॅल्शियम शोषून घेणारं रसायन भरलं, म्हणजे दूरवरचं कॅल्शियम वाढण्याआधीच टिपलं जाईल आणि फक्त तोंडाजवळचा क्षणिक लोंढा उरेल. हृदयातल्या एल-प्रकारच्या चॅनेलवर सी-गोळ्याचं काम तरीही चालू राहिलं. मेंदूतल्या एन-प्रकारच्या चॅनेलवर एन-गोळ्याचं काम थांबलं. तोंडाजवळचा लोंढा सी-गोळा वाचतो, कारण एकदा धरलेलं तो लवकर सोडत नाही. एन-गोळा चटकन सोडतो, म्हणून दोन लोंढ्यांच्या मधल्या काळातही कॅल्शियम टिकून असेल तरच तो बांधलेला राहतो, आणि ते तेव्हाच होतं जेव्हा आजूबाजूच्या अनेक चॅनेलांमुळे सगळीकडे कॅल्शियम वाढलेलं असतं. मेंदूतल्या पी/क्यू प्रकारच्या चॅनेलवर तर सी-गोळा प्रवाह वाढवतो आणि एन-गोळा तो मिटवतो. एकाच जागी बसलेलं एकच प्रथिन स्वतःच्या चॅनेलची हालहवाल एका टोकाने आणि भोवतालची दुसऱ्या टोकाने ओळखतं, आणि दोहोंवरून उलट निर्णय देतं.

आक्षेप येईल की हे काही चॅनेलांपुरतं आहे, निरोप्याचं चित्र एन्झाइमांना लागू आहे. खरं आहे. कॅल्सिन्युरिनसारखी एन्झाइमं कॅल्शियम घेतलेल्या कॅल्मोड्युलिनची वाट पाहतात. पण तिथेही एक अडचण आहे. पेशीतलं बहुतेक कॅल्मोड्युलिन कुठे ना कुठे बांधलेलं असतं, मोकळं थोडंच असतं, आणि त्या थोड्यासाठी शेकडो गिऱ्हाइकं. निरोप्याच्या चित्रातला भरपूर मोकळा साठा प्रत्यक्षात नाही. उलट बाजूने पाहा. आमांशाचा परजीवी एन्टामीबा हिस्टोलिटिका याच्या एका प्रथिनाची रचना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआर या तंत्राने उलगडली गेली आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. चार ईएफ हँड, दोन गोळे, कॅल्मोड्युलिनशी सरळ साम्य. काम मात्र वेगळं. वेढ्याच्या आकारावरून कॅल्शियम धरणार एवढं कळतं. त्या धरण्याचा अर्थ काय होईल, हे ते प्रथिन कुठे आणि कशाला जोडून बसलं आहे त्यावर ठरतं. मी निरोप्याचं चित्र पुसा असं म्हणत नाही. ते दुय्यम स्थानी ठेवा, आणि आधी जागा शिकवा, असं म्हणतो.

आता हृदयाकडे येऊ. कॅल्मोड्युलिनची अमिनो आम्लांची साखळी सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत अक्षरशः एकच आहे. माणसात तिची तीन जनुकं आहेत, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण सहा, आणि सहाही तेच प्रथिन बनवतात. यावरून दोन निष्कर्ष काढले जात. असं प्रथिन बिघडलं तर भ्रूण जगणारच नाही. आणि सहापैकी एक प्रत बिघडली तर उरलेल्या पाच काम भागवतील. दोन्ही मिळून अर्थ एकच निघे, कॅल्मोड्युलिनचा आजार असू शकत नाही. निरोप्याच्या चित्रात दुसरा निष्कर्ष बिनतोड आहे. सहा निरोप्यांतला एक आळशी निघाला तर बाकीचे पाच पोहोचतातच.

जागेच्या चित्रात हिशेब वेगळा होतो. बिघडलेलं प्रथिन कॅल्शियम धरत नाही, पण चॅनेलवर निरोगी प्रथिनाइतक्याच हक्काने बसतं. एल-प्रकारच्या चॅनेलवर एक कॅल्मोड्युलिन आणि सहाही प्रती सारखं प्रथिन बनवतात असं धरलं, तर सहातलं एक चॅनेल वेळेवर मिटणार नाही. हृदयपेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारं रायनोडीन चॅनेल चार घटकांचं आहे आणि त्यावर चार कॅल्मोड्युलिन बसतात. तिथे चारपैकी निदान एक बिघडलेलं असण्याची शक्यता 52 टक्के येते. एक षष्ठांश दोष निम्म्याहून अधिक चॅनेलांत पोहोचला.

डेव्हिड यू यांच्या गटाने 2002 मध्ये गिनी पिगच्या हृदयपेशींत निकामी कॅल्मोड्युलिन बनवून पाहिलं होतं. विद्युतस्पंद कितीतरी पटींनी लांबला. हृदयाच्या ठोक्याची लांबी ठरवण्यात कॅल्शियम चॅनेलच्या मिटण्याचा वाटा कोणी समजत होतं त्याहून फार मोठा निघाला. माणसात हा आजार कसा दिसेल, याचं उत्तर तिथे लिहिलेलं होतं. तो माणसात सापडायला आणखी दहा वर्षं गेली. 2012 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांना एका स्वीडिश कुटुंबात, श्रमाने किंवा भावनावेगाने हृदयाची लय बिघडणाऱ्यांत, कॅल्मोड्युलिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. 2013 मध्ये लिया क्रोटी आणि सहकाऱ्यांना तान्ह्या वयात वारंवार हृदय थांबणाऱ्या दोन मुलांत असेच बदल सापडले, जे त्यांच्या आईवडिलांत नव्हते. हृदयाच्या आलेखात क्यूटी अंतर, म्हणजे विद्युतस्पंदाच्या लांबीची खूण, कमालीचं लांबलेलं. सहापैकी एकच प्रत बिघडलेली.

कॅथलीन फॉल्बिग यांच्या खटल्याला याच ज्ञानाचा संदर्भ आहे. 1989 ते 1999 या काळात त्यांची चारही मुलं अगदी लहान वयात गेली. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तीन खुनांसाठी आणि एका सदोष मनुष्यवधासाठी त्यांना दोषी ठरवलं गेलं. गुदमरवल्याचा ठोस वैद्यकीय पुरावा नव्हता. आधार होता तो आईच्या डायऱ्यांतल्या नोंदींचा आणि एका घरात चार मृत्यू नैसर्गिक असणं संभवत नाही या युक्तिवादाचा. पुढे दोन मुलींत, आणि त्यांच्या आईतही, कॅल्मोड्युलिनच्या तीन जनुकांपैकी CALM2 मध्ये एक बदल आढळला, 114 व्या स्थानी ग्लायसीनच्या जागी आर्जिनीन. 2020 मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून दाखवलं की या बदलाने कॅल्मोड्युलिनचं कॅल्शियम धरणं आणि त्याचं चॅनेलांवरचं नियंत्रण, दोन्ही बिघडतं. मृत्यूचं कारण हेच होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, आई स्वतः जिवंत आहे हाही मुद्दा मांडला गेला. पण वाजवी शंका नावाची गोष्ट त्यातून उभी राहिली. दुसऱ्या चौकशीनंतर 5 जून 2023 रोजी त्यांना माफी मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिक्षेचे सगळे निकाल रद्द झाले. तोवर वीस वर्षं तुरुंगात गेली होती.

2003 मध्ये हा बदल शोधण्याची साधनं हाती नव्हती, हे मान्य. पण असा आजार असूच शकत नाही ही खात्री ज्या विचारातून येते, तो विचार चार वर्षांपूर्वीच, 1999 मध्ये, मोडून पडला होता. दोन गोष्टी एकमेकींपर्यंत पोहोचल्या नाहीत. चॅनेलांचा अभ्यास करणारे एका खोलीत, न्यायवैद्यक दुसऱ्या खोलीत. बालमृत्यूच्या तपासात हृदयाच्या जनुकांची चाचणी शवविच्छेदनाइतकीच नेहमीची व्हावी, असं मला ठामपणे वाटतं, आणि ते केवळ खटल्यांसाठी नव्हे. मागे राहिलेल्या भावंडांसाठी तर ते फारच गरजेचं आहे.

कारण उपचाराचा मार्गही जागेच्या याच हिशेबातून निघतो. कॅल्मोड्युलिन बिघडलेल्या रुग्णांत बीटा-ब्लॉकर औषधं अनेकदा पुरेशी पडत नाहीत. 2017 मध्ये हॉपकिन्सच्या गटाने एका रुग्णाच्या पेशींपासून बनवलेल्या हृदयपेशी घेतल्या, ज्यांत CALM2 बिघडलेलं होतं, आणि क्रिस्परवर आधारित पद्धतीने ते जनुकच दाबून टाकलं, चांगली प्रतही आणि वाईटही. उरलेल्या दोन जनुकांच्या चार प्रती तेच प्रथिन बनवत राहिल्या, चॅनेलवरच्या जागा निरोगी कॅल्मोड्युलिनने भरल्या आणि लांबलेला विद्युतस्पंद पूर्ववत झाला. बिघाड जनुकात नेमका कुठे आहे, हे पाहण्याची गरज पडली नाही. म्हणजे प्रत्येक वेगळ्या बदलासाठी वेगळा उपचार शोधायला नको, तीन जनुकांसाठी तीन पुरतील. हे काम बशीतल्या पेशींवरचं होतं. धडधडत्या हृदयाच्या प्रत्येक पेशीपर्यंत ते साधन न्यायचं कसं, हा त्यापुढचा मोठा प्रश्न आहे.